शिरेची खरी जाडी

ता. ४ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या वहिनीचा गुडघा आता बरा आहे. जिना चढते आणि चढता चढता मला बोलतेही. दुसरी बातमी तुझ्याच खाणीची. तांब्याची शीर चाळीस मीटर जाड लागली, असं आपले साहेब इथे हेड ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलेत. पण नोंदणी असलेल्या भूवैज्ञानिकाच्या सहीशिवाय साठ्याचा अहवाल बाहेर पडत नाही, आणि तिथे ती नोंदणी एकट्या तुझ्याकडे. तू म्हणे हटून बसली आहेस. माझी बहीण माझ्या शब्दाबाहेर नाही, असं मी साहेबांना सांगून बसलोय. १४ तारखेला, सोमवारी, गुंतवणूकदार येणार आहेत. तेवढी सही कर, मला तोंडघशी पाडू नकोस.

तुझ्यावर रागावूनही जीव लावणारा,
दादा

ता. ९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

सही करणार नाही. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

शीर तिरकी खाली उतरते. रस्त्यालगत सपाट जागा मिळाली म्हणून भोक पाडायचं यंत्र तिथेच उभं केलं, आणि भोक शिरेला आडवं न जाता तिच्या अंगाअंगाने खाली गेलं. गाजर तिरकं कापून बघ. चकती लांबट येते, गाजर काही जाड होत नाही. भोकातून निघालेल्या दगडाच्या कांड्या शेडमध्ये पेट्यांत मांडल्या आहेत. त्या मी ब्रशने ओल्या करून पाहिल्या, कारण ओल्या दगडात शिरेची कड स्वच्छ दिसते. खरी जाडी सहा मीटर भरते. सहा वाईट नाहीत, पण ते चाळीस नाहीत.

आडवी भोकं पाडू द्या म्हटलं, तर साहेब म्हणाले, आधी सही, मग भोकं. बाहेरचा दुसरा कोणी येऊन सही करेल, असंही त्यांनी बजावलं. खुशाल करू दे. प्रत्येक कांडीवर मी रंगाने शिरेचा कोन लिहून ठेवलाय. येणाऱ्याला तो वाचूनच सही करावी लागेल.

आणि माझ्या सहीचा शब्द तू कोणाला विचारून दिलास? लहानपणी माझी सायकल मित्रांना अशीच देऊन यायचास. तेव्हा मी रडायचे, आता रडणार नाही. दिलेला शब्द तूच परत घे. तुझ्या नोकरीची मला फार काळजी वाटते. तरीही सही नाही.

राग आला तरी उत्तर टाक.

तुझीच,
ठमी

ता. १७ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मी टेबलाशी बसून वाचत होतो. वहिनीने ते मागून वाचलं आणि माझ्यापुढे एक गाजर नि सुरी ठेवून निघून गेली.

सोमवारी साहेबांनी पाहुण्यांदेखत मला उभं करून विचारलं, की सही संध्याकाळपर्यंत येते ना. मी म्हटलं, येणार नाही, आणि का येणार नाही ते दाखवतो. मग डब्यातलं गाजर काढून टेबलावरच तिरकं कापलं. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पाहुण्यांतल्या एका वयस्क बाईंनी चकती उचलली, उरलेल्या गाजराशेजारी धरली आणि आडवी भोकं कधी पाडणार एवढंच विचारलं. ती पाडल्याशिवाय आता कोणी पुढचं बोलायला तयार नाही.

मला शिक्षा झाली. बदली केली आहे, खाणीवर, तुझ्याच शेडमध्ये पेट्या लावायला. वहिनी सामान बांधते आहे आणि कधी नव्हे ते माझं कौतुक करते आहे.

शब्द परत घेतला, ठमे. ब्रश एक जास्तीचा आणून ठेव.

बाकी भेटीत,
दादा