ज्या गाण्यावर होझीआ उभा राहिला

मी, व्हर्लीन टब्ज, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा गाणे, राहणार दक्षिण मेम्फिस, टेनेसी, लिहून ठेवते की माझे गुडघे गेले, मूत्रपिंडे गेली, डोके मात्र जागेवर आहे. हे सर्व स्वखुशीने लिहीत आहे. दबाव कोणी आणलेला नाही. आणायला आलेल्यांचे काय झाले ते गल्लीला ठाऊक आहे. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

एक. राहते घर माझी भाची लॉर्नेट हिला द्यावे. बापाची बंदी असतानाही ती दर बुधवारी माझ्याकडे येत राहिली. बिडाचा तवाही तिचाच. तो साबणाने घासल्यास हरकत घेण्याचा माझा हक्क मेल्यावरही कायम राहील.

दोन. रेकॉर्ड प्लेअर डायलिसिसच्या नर्स ओपल यांना द्यावा. सुई टोचताना त्या 'दार लोटलंय, कडी नाही' गुणगुणतात. एकदा म्हणाल्या, "मिस व्हर्लीन, नवरा गेल्यावर या गाण्यानंच मला अंथरुणातून उठवलं बघा." ते मी सव्विसाव्या वर्षी रचले आणि गायले. तबकडीवर नाव वेगळे असल्याने त्यांना कल्पना नाही, आणि मी सांगितले नाही. सुई टोचणाऱ्या माणसाचा हात थरथरू नये.

तीन. आता होझीआ. माझा थोरला भाऊ, लॉर्नेटचा बाप, माउंट गिल्बोआ चर्चचा डीकन, म्हणजे कारभारी. १९६७ साली हे गाणे रेडिओवर वाजू लागले, तेव्हा भर सभेत उठून तो म्हणाला, "शनिवारी गुत्त्यात आणि रविवारी देवापुढे, एकच गळा चालायचा नाही." गायकवृंदाच्या वहीतले माझे नाव त्याने स्वतःच्या पेनाने खोडले. त्यानंतर बावन्न वर्षे माझ्याशी बोलला नाही. मी शेवटच्या बाकावर बसत राहिले. ते गाणे त्या चर्चमध्ये माझ्या नावाने गायले जावे, एवढी एकच इच्छा धरून बसले.

यंदाच्या ईस्टरला नव्या गायनमास्तरांनी एक स्तोत्र बसवले. शब्द देवाचे, चाल माझी. ती कोणाची हे त्यांना माहीत नव्हते. आजी गुणगुणायची म्हणाले. दुसऱ्या कडव्याला पहिल्या बाकावरून होझीआ उठला. हात वर, डोळ्यांना धारा. पाठोपाठ अख्खे चर्च उभे राहिले आणि भक्तीने बेभान झालेल्या बायाबापड्यांना वारा घालायला पंखे कमी पडले. मी बसूनच होते. आयुष्यात इतका आनंद मला झाला नव्हता.

म्हणून माझ्याजवळची तबकडी होझीआला द्यावी, व माझ्या अंत्यविधीत आधी ती वाजवावी. आपण कशावर रडलो ते त्याला चारचौघांत कळू दे.

चार. मला रुपेरी टिकल्यांच्या पोशाखातच पुरावे. काळा झगा आणणाऱ्यास दारातून परत पाठवावे.

पाच. (आज सकाळी वाढवलेले.) वकीलबाई मसुदा घेऊन आल्या असताना लॉर्नेट होझीआला घेऊन आली. मी कलम तीन त्याच्यासमोर मुद्दाम मोठ्याने वाचायला लावले. काठीवर हनुवटी टेकून त्याने सगळे ऐकले.

"झालं वाचून?"

"झालं," मी म्हणाले.

"अगं, मला पहिल्या ओळीलाच कळलं होतं. तुझी चाल मला ओळखू येणार नाही होय?"

"मग उठलास कशाला?"

"बसवेना."

मग त्याने साक्षीदार म्हणून सही करायला पेन मागितले. वकीलबाई म्हणाल्या, "डीकन, साक्षीदार झालात तर तबकडी तुम्हाला घेता येणार नाही."

"राहू दे. माझ्याकडे आहे. अडुसष्ट सालापासून ट्रकच्या सीटखाली."

सबब कलम तीनमधील देणगी रद्द. तबकडी चर्चला द्यावी, पण अंत्यविधीत ती वाजवू नये. गाणे गायकवृंदाने गावे, माझ्या शब्दांत, माझे नाव घेऊन, आणि सुरुवात होझीआने करावी. त्याचा सूर कधीच लागलेला नाही. तरी त्यानेच करावी.

ठिकाण: स्वयंपाकघर, मेम्फिस. ११ जून २०१९.

सही: व्हर्लीन टब्ज

साक्षीदार:

१. बर्निस कॉलिअर, शेजारीण. माझ्यादेखत सही झाली.

२. होझीआ टब्ज. वरील नाव माझ्या बहिणीचे आहे. ते माझ्यादेखत लिहिले गेले, आणि कोणीही खोडू नये.