न धुतलेला स्पंज

गुरुवार, ता. ९

प्रिय दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी मजेत असाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, तुझं पत्र वाचून तसं काही वाटलं नाही. इकडे बाबांच्या खुब्याचे टाके सुकले. काठी धरून वॉर्डभर चालतात आणि नर्सबाईंना माशांची टाकी कशी सांभाळावी यावर भाषण देतात. नर्सबाई बिचाऱ्या ऐकून घेतात. वीस तारखेला घरी सोडणार आहेत.

तुझं चार पानी पत्र काल मिळालं. किती रे रडतोस! ‘माझ्यामुळे मासे मेले, माझा हात लागेल तिथे वाटोळं, बाबांना घरी न्यायला मी येत नाही, मला तोंड दाखवायला जागा नाही, आणि आमच्याकडची टाकीही महिनाअखेर रिकामी करून टाकतो.’ वाचून डोकं फिरलं माझं. एक तर चूक करायची, मग ती एवढ्या मोठ्या मनाने कबूल करायची की समोरच्याला धड रागावताही येऊ नये. लहानपणापासून तुझं हेच.

तर आधी मला नीट रागावून घेऊ दे.

बाबांची टाकी काय चीज आहे हे तुला माहीत नव्हतं असं नाही. जन्मभर पंप दुरुस्त केले त्यांनी, आणि निवृत्त झाल्यावर घरातच एक पंप चोवीस तास घरघरेल अशी सोय केली. खाली काचेच्या टाकीत मासे, वर खड्यांनी भरलेल्या पन्हळीत पुदिना आणि टोमॅटो. खालचं पाणी वर, वरचं खाली. येईल त्या पाहुण्याला उभं करून ऐकवतात: माशाने खाल्लं ते पोटातून पाण्यात पडलं, ते झालं विष. स्पंजात आणि खड्यांवर न दिसणारे जीव बसलेत, ते त्या विषाचं खत करतात. खत मुळांनी ओढलं, त्याची पानं झाली, पिकली पानं गांडुळांच्या पेटीत, आणि गांडूळ परत माशाच्या तोंडात. ‘या घरात वाया जाणारा प्राणी मी एकटाच,’ हा त्यांचा शेवटचा विनोद. त्यावर हसावंच लागतं.

आणि तू काय केलंस? बाबांच्या ऑपरेशनसाठी चार वर्षांनी आलास, चार दिवस राहिलास, आणि घराला तुझी डेअरी समजलास. तिथे दुधाच्या टाक्यांवर बोट फिरवून लोकांना घाम फोडतोस तेवढं पुरत नाही का? स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्यास. माझं औषधांचं कपाट लावलंस, ते मला अजून सापडत नाही. मग स्पंज काढलास, नळाखाली धरून पिळलास, आणि एवढ्यावर समाधान नाही म्हणून दुधाच्या पातेल्यात उकळलास! खडे उकळलेस. मुळांवरचा चिकट थर खरवडलास. टाकीतलं सगळं पाणी बदललंस. काच इतकी लखलखली की शेजारच्या काकू खास बघायला आल्या. ‘भाऊ आला आणि घराला कळा आली,’ म्हणाल्या. माझ्या तोंडावर.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. माशांच्या दुकानातल्या बाईंकडे पाणी तपासायला नेलं, तर त्यांच्या नळीतला रंग पाहून त्या म्हणाल्या, “अगं, हे पाणी आहे का काय आहे? खत करणारे जीवच संपलेत याच्यातले. मासे आपल्याच घाणीत मरतायत.” रोज पाणी बदललं, पण पाठोपाठ एकेक जात गेला. एक म्हातारा काळा तेवढा उरलाय. त्याला बादलीत ठेवलंय, तो माझ्याकडे बघतो आणि मी दुसरीकडे बघते. नव्या पाण्यात खत नाही, त्यामुळे पुदिना आता पिवळा पडत चाललाय.

बाबांना हे सांगायचं कसं? रोज भेटायला गेले की पहिला प्रश्न: “पुदिना कसा आहे?” मी म्हणायची, मस्त. चौथ्या दिवशी म्हणाले, “चार पानं आण बघू.” मी बाजारातली जुडी घेतली, त्यातल्या चार काड्या रुमालात गुंडाळून नेल्या. त्यांनी एक पान चुरगळलं, नाकाशी धरलं आणि उशाशी ठेवून दिलं. मी हुश्श केलं आणि मोसंबं सोलायला घेतलं. मग खिडकीकडे बघत म्हणाले,

“स्पंज कुणी धुतला?”

“दादाने,” मी म्हटलं. एका क्षणात. विचारायची खोटी.

“आणि तू कुठे होतीस?”

“दवाखान्यात. कामावर.”

तुला माहीत आहे, दातांच्या दवाखान्यात मी नऊला जाते. तू स्पंज धुतलास साडेसातला.

आता रागवून झालं. पुढचं सांगायला तीनदा फोन केला आणि तीनदा तुझ्यावरच ओरडून ठेवून दिला. म्हणून हे पत्र. कागद मधेच ‘काय झालं, बोल ना’ असं म्हणत नाही.

दादा, मी दारात उभी होते. तुझ्यासाठीच चहा घेऊन. स्पंज नळाखाली होता, पाणी तपकिरी येत होतं आणि तू गाणं गुणगुणत होतास. मला ‘अरे थांब’ एवढंच म्हणायचं होतं. बाबांनी ते मला आठ वर्षांत शंभर वेळा सांगितलंय: टाकीचंच पाणी बादलीत काढायचं, त्यात स्पंज एकदा दाबायचा, नळाला दाखवायचासुद्धा नाही. मला झोपेत विचारलं तरी सांगेन. आणि मी गप्प राहिले.

कारण आदल्या संध्याकाळी बाबा तुझा हात धरून म्हणाले होते, “तू आलास, आता मला काळजी नाही.” मी तिथेच होते, त्यांचे पाय चेपत. आठ वर्षं त्यांच्या गोळ्या, त्यांचा पंप, त्यांची गांडुळं मी बघते. आणि काळजी मिटली तुझ्या येण्याने! मला वाटलं, चुकू दे याला. एकदा तरी याचं चुकू दे आणि ते सगळ्यांना दिसू दे. एवढंच मनात होतं. मासे मनात नव्हते. ते कसे आले असते, मी तेव्हा फक्त तुझी पाठ बघत होते.

चहा तुला दिला. तू म्हणालास, “बघ, किती घाण साठली होती.” मी म्हटलं, “हो ना.”

लाज वाटते. आणि राग अजून गेलेला नाही, तोही खरा आहे. दोन्ही एकदम असतं हे मला माहीत नव्हतं.

आता कामाचं. खबरदार तुझ्या टाकीला हात लावलास तर. वहिनीला मी आजच फोन करून सांगितलंय, माझं पत्र येईपर्यंत त्याला टाकीजवळ फिरकू देऊ नकोस. ती म्हणाली, ‘मी एरवीही कुठे फिरकू देते?’ म्हणूनच ती टाकी जिवंत आहे. आठवतं का, तू घर सोडलंस तेव्हा बाबांनी आपला स्पंज कात्रीने मधोमध कापला आणि अर्धा तुझ्या डब्यात दिला. मी तेव्हा खो खो हसले होते. लोक मुलाला घड्याळ देतात, आमच्या बाबांनी घाण दिली.

दुकानातल्या बाई म्हणतात, नवे जीव आपोआप वाढायला दीड महिना लागतो, पण जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर काम बरंच लवकर होईल. इथला सगळा वंश मी तुझ्या हातून मारवला. उरलेला तुझ्या घरी आहे. त्याचा अर्धा कापून टाकीच्याच पाण्यात बुडवून आण, डब्याचं झाकण सैल ठेव, उन्हात धरू नकोस. आणि दादा, तुझ्या पाया पडते, तो धुऊन आणू नकोस.

एकोणीसला ये. वीसला आपण दोघं बाबांना आणायला जाऊ. त्यांनी मला विचारलं होतं, तू कुठे होतीस. त्याचं खरं उत्तर मला तुझ्यासमोर द्यायचं आहे, एकटीने धीर होत नाही. त्यानंतर तुम्हा दोघांना जे बोलायचं ते बोला.

वहिनीला नमस्कार. म्हातारा काळा बादलीत वाट बघतोय.

त्या सकाळी दारात उभी असलेली,
तुझी धाकटी