सागाखालची लाल ज्वारी

२१ सप्टेंबर २०२४, शनिवार

पोचले एकदाची. अमरावतीहून वाशिम, तिथून अनसिंग, आणि पुढचा सगळा कच्चा रस्ता वनरक्षक हसनैनभाईंच्या मोटारसायकलवर. पाठीवर सॅक, मांडीवर बांबूच्या काठ्यांचा भारा. वाटेत दोन म्हशी आडव्या उभ्या राहिल्या आणि हसनैनभाईंनी त्यांना अगदी अदबीनं बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा मला हसू आवरेना. चौकी म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, बाजूला विहीर. आईला फोन करायचा तर विहिरीच्या कठड्यावर चढावं लागतं. पहिली नोकरी आणि पहिलीच स्वतःची खोली. झोप लागणार नाही असं वाटतंय, आनंदानं.

काम सोपं आहे. इथं सागाच्या तीन लागवडी आहेत: २०१४ची, १९९६ची आणि १९७३ची. प्रत्येकीत काठ्या ठोकून, सुतळी बांधून मीटर-मीटरचे चौकोन आखायचे आणि त्यात काय उगवलंय ते लिहायचं. साग म्हातारा होत जातो तसं त्याच्या पायाशी काय बदलत जातं, एवढाच प्रश्न. त्यासाठी सहा आठवडे.

२३ सप्टेंबर, सोमवार

मदतीला गोजराबाई मिळाल्या आहेत. वय त्रेसष्ट, अंगानं काटक, सगळी हयात याच जंगलात रोजंदारीवर गेलेली. लिहिता-वाचता येत नाही, पण रोपाला नुसतं चोळून वास घेतात आणि नाव सांगतात. मला ‘म्याडम’ म्हणतात. योगिनी म्हणा म्हटलं तर लाजल्या.

आज २०१४ची लागवड केली. भरपूर ऊन खाली येतं, त्यामुळे नुसती दाटी: कुसळी, तरोटा, दुधाणी, रानतूर. दहा चौकोनांत एकतीस जाती. गोजराबाईंनी डब्यातली अर्धी भाकर आणि ठेचा मला दिला. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाल्या की अमरावतीचं तिखट काय नुसतं रंगाचं असते काय.

२५ सप्टेंबर, बुधवार

१९९६ची लागवड. आत शिरलं की दिवसा संध्याकाळ. पानांचं छप्पर इतकं गच्च की खाली पाचोळ्याशिवाय काही नाही. दहा चौकोनांत तीन जाती, त्याही मरतुकड्या. असंच असायला हवं. मधल्या वयाचा साग खाली कुणाला जगू देत नाही. पुढे तो म्हातारा होतो, विरळणी होते, म्हणजे मधली झाडं तोडली जातात, आणि पुन्हा ऊन जमिनीला लागतं. मग मातीत वर्षानुवर्षं निजलेलं बी उठतं.

हे मी गोजराबाईंना हौसेनं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर दिवसभर त्या मान वर करून पानांचं छप्पर पाहत राहिल्या.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

१९७३ची लागवड. गोजराबाई बांधावरच थांबल्या. पाय दुखतो म्हणाल्या. दोन वर्षांपूर्वी इथं विरळणी झालीय आणि पुस्तकात लिहिल्यासारखंच सगळं परत आलंय: मुरडशेंग, शतावरी, काळी मुसळी, गुळवेल. मी एकटीच खुशीत चौकोन आखत होते.

सातव्या चौकोनात ज्वारी सापडली. सागाच्या बुंध्याला लागून चार धाटं, वीतभर उंच. पाखरांनी बी टाकलं असेल असं हसनैनभाईंचं म्हणणं. असेल.

बांधावर येऊन गोजराबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, किती झाडांखाली आहे. एकाच, म्हटलं. त्या सुतळी गुंडाळत राहिल्या. गुंडाळून झाली तरी हात फिरतच होते.

२८ सप्टेंबर, शनिवार

ज्वारी गुडघ्याएवढी. एका रात्रीत हे होत नाही. मी काल चुकीचं मोजलं असणार, पण वहीत माझ्याच अक्षरात ‘वीतभर’ आहे. आणि आज ती सहा झाडांखाली आहे. सहाही झाडं एका ओळीत, जुन्या बुजलेल्या चरावर.

दुपारी बाराच्या सुमारास कुणीतरी हाक मारली. बाईचा आवाज, जवळचा. ‘गोजे’ अशी. मला वाटलं गावातली कुणी असेल. बांधावर येऊन गोजराबाईंना म्हटलं, तुम्हाला कुणी बोलावतंय. त्या उठल्या आणि मागं वळूनही न पाहता घरी गेल्या.

३० सप्टेंबर, सोमवार

हसनैनभाई मंगरूळपीरला गेले, बहिणीचं लग्न आहे. शुक्रवारी येतील. एकटीनं जुन्या लागवडीत जाऊ नका म्हणाले. का ते सांगितलं नाही. त्यांनाही नीट माहीत नसावं.

ज्वारी आता माझ्यापेक्षा उंच, कणसं भरलेली. दाणे गडद लाल. असा वाण या भागात कुणी पेरत नाही. एक धाट ओढून पाहिलं, निघालं नाही. खुरप्यानं हातभर उकरलं. मुळं एका फडक्यात गुंतली होती. फडकं कुजलेलं, पण गाठ शाबूत. गाठीतून मुळं बाहेर आली होती. त्याखाली हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा, आणि बांगडीच्या आत—

मी तुकडा खिशात टाकला, माती लोटली आणि आले.

१ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी गोजराबाईंच्या घरी गेले आणि बांगडीचा तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो पदरानं पुसला. मग सगळं सांगितलं, जमिनीकडे पाहत.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात या रानात चर खोदायचं काम निघालं होतं. गोजरा बारा वर्षांची, थोरली बहीण रुपा सोळाची. सरकारनं बाहेरून आणलेली लाल ज्वारी, मिलो, खायला मिळे. रुपा मूठभर नेहमी पदरात बांधून ठेवायची. जूनमध्ये मजुरांच्या छावणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. गवगवा झाला तर काम बंद पडेल, लोक उपाशी मरतील, म्हणून मुकादम मारोतरावानं मेलेल्यांना चरातच पुरलं आणि वर सागाची रोपं लावली. सहा जणी.

“रुपा जित्ती होती, म्याडम,” गोजराबाई म्हणाल्या. “डोये उघडे होते तिचे. मारोतराव माती लोटून राह्यला होता अन् मी रोप धरून होतो, सरळ. थो म्हने, बोलशील तं तुलेई टाकतो. तिनं मले हाक मारली. गोजे म्हने. मी रोप नाई सोडलं.”

मी विचारलं, इतकी वर्षं इथंच का राहिलात.

“मंधात आवाज नोता. सावली होती ना. आता ऊन पडलं अन् पुन्हा बलावून राह्यली.”

मी म्हटलं, पोलिसांना कळवू, रीतसर खोदून काढू. त्या कोपऱ्यातल्या कुदळीकडे पाहत राहिल्या. बांगडी मुठीतच होती.

२ ऑक्टोबर, बुधवार

कठड्यावर चढून हसनैनभाईंना फोन केला. लागला नाही. गोजराबाई आल्या नाहीत.

हाक इथवर येतेय. दिवसभर. ‘गोजे’.

दारं लावली तरी.

३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी नऊ. आवाज बदलला. आता हाक गोजराबाईंच्या आवाजात. ‘म्याडम’ म्हणतात. ‘म्याडम, माती काढा.’

गावात धावत गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, पहाटेच कुदळ घेऊन गेली. रानात.

उकरताना माती अंगावर ढासळली असणार. शुद्ध असेल अजून. हसनैनभाईंची वाट पाहत बसले तर— गोजराबाईंनी बारा वर्षांच्या असताना रोप धरून ठेवलं. मी सव्वीस वर्षांची आहे. जातेय.

दुपार

जुन्या लागवडीत. सातवा चौकोन. माती भुसभुशीत, आवाज खालूनच. खुरप्यानं, मग हातानं उकरलं. कोपरापर्यंत. बोटं लागली. गरम. मी धरली, त्यांनीही धरलं.

ओढलं. वर येत नाहीत. सोडतही नाहीत.

वही गळ्यातल्या पिशवीत होती. डाव्या हातानं लिहितेय. उजवा खांद्यापर्यंत आत गेलाय—

बांधावरून कुणीतरी हाक मारतंय. ‘म्याडम, कुटी हाय तुमी? एकटीची हिंमत नाई झाली म्हून चौकीवर पाह्यलं, नाई दिसल्या.’ गोजराबाई. बांधावर. उभ्या. खांद्यावर कुदळ.

मग हा हात

ओरडायला तोंड उघडलं. आवाज नाही. श्वास येतो, आवाज नाही—

खालून ओ आली. माझ्या आवाजात. ‘इकडे या, गोजराबाई. इथं आहे मी.’

पाचोळा वाजतोय. येताहेत. त्यांना वाचता येत नाही. तरी लिहिते. गोजराबाई, ती मी नाही, तुम्ही तिथूनच मागं फि—