शक्यतो

मल्लेश्वरम, मंगळवार, नोव्हेंबर १९९९

घरचं इंटरनेट आठवडाभर बंद. मुलगी अमेरिकेत, बाळंतपण तोंडावर. तिच्या ईमेलसाठी बायकोचा जीव टांगणीला. आज कंपनीत जाऊन भांडलो. तिथल्या टायवाल्याने करारातल्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. अर्थ एवढाच, की सेवा शक्यतो मिळेल. शक्यतो! वर हसून कानडीत विचारतो, "सरी ना, अण्णा?" म्हणे, ठीक आहे ना! पैसे भरणाऱ्याला काही हक्क आहे की नाही?

तणतणत माझ्या साडीच्या दुकानात आलो. एक बाई रंग गेलेली साडी घेऊन बसलेली. लेकीच्या लग्नातली.

"पक्का रंग म्हणाला होतात, अण्णा."

"शक्यतो पक्का म्हणालो होतो, अक्का. सरी ना?"

कुठे म्हणालो होतो? पण ती साडीची घडी घालून निघून गेली.

बऱ्याच दिवसांनी आज जेवण गोड लागलं.