खडूच्या दोन रेषा

३ फेब्रुवारी
नव्या शिवणघरात आज रुजू झाले. खोली ऐसपैस, उजेड भरपूर, कापायचं टेबल कमरेइतकं उंच, म्हणजे पाठ वाचली. मास्तरांनी आल्या आल्याच कोटाचं महागडं कापड पुढ्यात टाकलं, म्हणाले, हात बघू तुमचा. एका दमात कापलं. मास्तरांनी चहा स्वतः आणून दिला. ताई फोनवर म्हणाली, आता तरी बूड टेकव एका जागी.

२१ फेब्रुवारी
डावा गाल बधिर. चहा ओठातून गळतो. शिलाईवाल्या बाया हसल्या, मीही हसले. डॉक्टरांनी नाडी बघितली, लग्न झालंय का विचारलं. नाही म्हटल्यावर मान हलवली. नवं काम, ताण येतो म्हणाले. झोपेच्या गोळ्या दिल्या.

९ मार्च
खडूची एक रेष ओढली, दोन दिसल्या. कात्री चुकीच्या रेषेवर चालवली. अख्खा कोट वाया. मास्तर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. पुन्हा तेच डॉक्टर. माझ्याकडे न बघता ताईला म्हणाले, यांना जरा फिरायला न्या. मी काय मुकी आहे? अंगाचा तिळपापड झाला.

१८ मार्च
उचकी थांबत नाही. पाणी नाकातून येतं. ताईने डॉक्टरांच्या टेबलावर हात आपटला, तेव्हा कुठे स्कॅन झाला. मेंदूच्या देठात रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. थेंब थेंब पाझरतोय. श्वास, गिळणं, डोळे, सगळ्यांच्या दोऱ्या तिथूनच जातात. आणि म्हणे ताण.

२० मार्च
सर्जनबाई माझ्याशी बोलल्या, ताईशी नाही. मानेमागून कवटी उघडून गुंता काढायचा. काढताना आवाज जाऊ शकतो, जीवही. नाही काढला तर पुन्हा पाझरणार. मी म्हटलं, कापा. पण रेषेवर कापा.

२३ मार्च
जिवंत आहे. घशात नळी, म्हणून सगळं लिहून सांगते. गुंता पूर्ण निघाला. ते ताणवाले डॉक्टर येऊन ताईला म्हणाले, बरं झालं, वेळेत सापडलं. वेळेत — पेन्सिल मोडली माझ्या हातात.

२५ मार्च, दुपार
उजवा हात जड. सकाळी नव्हता. लिहून दाखवलं. नर्स म्हणाली, ऑपरेशननंतर असं होतंच. आत पुन्हा पाझरत असेल, सर्जनबाईंना बोलवा — लिहिलं. त्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये. ताई जेवायला —

पुन्हा लिहिलं. नर्सला अक्षर लागेना. मी कागद फेकला. म्हणाली, फार चिडचिड करता. झोपेचं इंजेक्शन आणायला गेली.

झोपले तर हात गेलेला कुणाला कळणार — नको — डोळे उघडेच ठेव

नर्स आली, सुई घेऊन. मी हात धरते तिचा — बोटं धरत ना