गळाच्या चाकाची जीभ

सोमवार, ४ फेब्रुवारी १९६३. जळगाव जामोद

हे आज ऑफिसातून मासे धरायचं चाक घेऊन आले! आमच्या घरात! साहेबांच्या गळाच्या काठीला बसवतात म्हणे, दोरी गुंडाळायला. "फार करकरतं म्हणाले साहेब. तू शिलाई मशीन उघडतेस, गजराचं घड्याळ उघडतेस, हे बघ की." मी म्हटलं, सासूबाईंनी पाहिलं तर? म्हणे, मशीनचा भाग आहे म्हणून सांग. वा! खोटं ह्यांचं, बोलायचं मी!

पण नाही तरी कसं म्हणू? तीन वर्षं टेम्पररी. ह्यांना कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर पडून आहे, आणि मार्चनंतर टेम्पररी माणसं कमी करणार आहेत.

बुधवार, ६

सासूबाई पोथीला गेल्या, तशी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून बसले. मशीनचा पेचकस बरोबर लागला. आत वाळू, वाळून गेलेलं काळं ग्रीस. रॉकेलनं धुतलं, मशीनचं तेल सोडलं. करकर गेली!

पण दोरी ओढली की अजून टर्रर्र, टर्रर्र. शोधलं तर एका दातेरी चाकाला नखाएवढी पोलादी जीभ टेकवलेली. तीच वाजते! ही कुणी मुद्दाम काऊन बसवली असेल? समजेना. मासे तर आवाजानं पळतील! काढून टाकली. आता चाक फिरतं ते कानाशी धरलं तरी कळत नाही. जीभ बटणांच्या डब्यात ठेवली.

शुक्रवार, ८

चाक गेलं. हे खूश. मीही. सासूबाई विचारत होत्या, "ओसरीले रॉकेलचा वास काऊन येऊन राह्यला?"

सोमवार, ११

काय चुकलं माझं? काल रविवारी साहेब तलावावर गेले होते. आज ह्यांना आत बोलावून दार लावलं. "कुणी हात लावला ह्याला? आवाज कुठे गेला?" आवाज करतं म्हणून दिलं, आणि आवाज गेला म्हणून रागावले! कुठला हिशेब हा?

हे जेवले नाहीत. मला म्हणाले, "तुझ्या हुशारीपायी नोकरी जाणार माझी." आणायला कुणी सांगितलं होतं? असा राग आला! रडले नाही. नंतर मोरीत भांडी घासताना रडले.

मंगळवार, १२

साहेबांचा शिपाई दयाराम चाक परत घेऊन आला. तो भोयांच्या घरचा, त्याला ह्यातलं कळतं. "बाई, करकर काढाची होती. टर्रर्र काऊन काढली? मासा दोरी घेऊन पळते तवा ते वाजते. साहेब तिकडंच कान लावून बसतात."

म्हटलं, दोरी पळताना दिसत नाही का? डोळे आहेत की!

 दयाराम चहा अर्धा ठेवून उठला. "उद्या येतो" म्हणाला.

आणि जीभ डब्यात नाही! सगळी बटणं ओतून पाहिली. नाही म्हणजे नाही!

बुधवार, १३

सापडली! कुठे, तर देवघरात! सासूबाईंनी समईची वात पुढे सारायला घेतली होती. "बटणांच्या डब्यात पडून होती. लई कामाची हाय, बोटं भाजत नाहीत." माशाच्या चाकाची जीभ, आठवडाभर देवापुढे! सांगावं तर देवांना पुन्हा अंघोळ आणि मला शिव्या. त्या दळायला बसल्या तशी माझ्या केसातला आकडा चिंचेनं घासून समईपाशी ठेवला, जीभ उचलली. देवा, तूच समजून घे रे बाबा.

चाक पुन्हा टर्रर्र. दयारामनं डोळे मिटून दोनदा दोरी ओढली, ऐकलं, आणि पहिल्यांदाच हसला.

सोमवार, १८

काल साहेबांनी दोन मासे धरले म्हणे. आज ह्यांना "शाबास" म्हणाले. आणि ह्यांनी घेतली शाबासकी! माझं नावसुद्धा काढलं नाही. वर मलाच सांगतात! पण एवढं एका टर्रर्रचं काय, ते मला अजून उमगत नाही.

बुधवार, २०

हे कायम झाले! सासूबाईंनी देवापुढे पेढे ठेवले. हे हसत हसत सांगत होते, "मोठ्या माणसांची तऱ्हा बघ. सही करायलाही दयारामचं बोट लागतं. त्यानं कागदावर बोट टेकवलं, साहेबांनी बोट चाचपलं आणि बोटापाशीच सही केली!"

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

साहेबांना दिसत नाही. त्या रविवारी दिवसभर ते माझ्यामुळे काठावर नुसतेच बसून राहिले. आणि मी दयारामला म्हटलं, डोळे आहेत की!

हे अजून हसत होते.  मी कुणाजवळ बोलणार नाही, ह्यांच्याजवळही नाही.