दोघींचं माप एकच

३ नोव्हेंबर, सोमवार

वाचनालयाच्या दारावर स्पर्धेचा कागद लागला. हातविणीचे लोकरी कपडे — दर वर्षीसारखंच. पण यंदा नवं खूळ काढलंय. कपडा टेबलावर मांडायचा नाही, माणसाच्या अंगावर घालून आणायचा. विणणारीने स्वतः घालायचा नाही म्हणे. दुसऱ्या कुणीतरी घालून परीक्षकांपुढे फेरी मारायची. म्हणजे आता विणीपेक्षा चालीलाच जास्त मार्क!

ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "मग नको भाग घेऊस." नको घेऊस काय? आणि बक्षीस पुन्हा त्या गाठोडेबाईच्या घशात घालू?

गाठोडेबाई म्हणजे आपली शिवणक्लासवाली. लोकरीचा एक गुंडा संपला की दुसऱ्याला चक्क गाठ मारते. तिचा स्वेटर उलटा करून बघा, नुसत्या गाठी आणि लोंबणारे धागे. बाहेरून मात्र फुलं, गोंडे, चकचकीत बटणं. तीन वर्षं ती पहिली आणि मी दुसरी. परीक्षक आतून बघतच नाहीत, कारण त्यासाठी वाकावं लागतं. यंदा पहिलं बक्षीस मी आणणार. नाही आणलं तर सुया भंगारात देईन.

८ नोव्हेंबर

लोकर आणली. मोरपंखी, गर्द. दुकानदार मला शिकवतोय कुठली मऊ आणि कुठली टोचणारी! जन्मात सुई धरली नसेल मेल्याने. मी गुंडा गालाला लावून बघितला तर म्हणतो, "मावशी, माल मळेल." माझा गाल काय तेलाचा डबा आहे?

धाकट्या बहिणीला फोन केला. स्वेटर तिच्याच अंगावर शोभेल. खांदे असे सरळ की कपड्याने मुकाट बसावं. खांदे माझेही तसेच. आई एकीच्या अंगाला माप लावायची आणि दोघींचे कपडे बेतायची, आजवर कधी बिघडलं नाही. मला बसलं की तिला बसलंच.

"येशील ना?" म्हटलं. "येईन गं ताई. पण मधे बोलावू नकोस, थेट त्या दिवशीच येते." घ्या! मे महिन्यानंतर तोंड दाखवलेलं नाही, बसने तासाभराचा रस्ता, पण महाराणींना सवड नाही.

१६ नोव्हेंबर

पाठ झाली. पुढच्या भागाला वेण्यांची वीण घातलीये.

२१ नोव्हेंबर

एका वेणीचा पीळ उलटा पडला होता. वीतभर वर गेल्यावर दिसला. सगळं उसवलं. हे म्हणाले, "कुणाला दिसणार आहे?" याच धोरणावर ह्यांनी उभा संसार केला. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण थोडंच.

३० नोव्हेंबर

बाह्या जोडल्या. धाकटीला म्हटलं, एकदा घालून बघायला ये. नाही म्हणाली. "तुझा हात मी काय आज बघतेय? तुझं कधी चुकतं का?" लोणी लावायला बरं सुचतं. आवाज बसला होता. थंडगार काहीतरी ढोसलं असेल, लहानपणापासून हावरट ती.

शेवटी मीच घालून आरशापुढे उभी राहिले. खांद्यावर चपखल, बगलेत एक सुरकुती नाही. ह्यांनी बघितलं. म्हणाले, "छान." ह्यांच्याकडून एवढं म्हणजे डोक्यावरून पाणी.

६ डिसेंबर

उद्या स्पर्धा. गाठोडेबाईची भाची घालणार आहे म्हणे. काठीला कपडा गुंडाळल्यासारखं दिसेल. दिसू दे.

७ डिसेंबर, रविवार

तिसरी! तिसरी आले मी. दुसरीसुद्धा नाही.

धाकटी उशिरा आली, तीही रिक्षाने, नवऱ्याला बरोबर घेऊन. तो तिचं कोपर धरून जिना चढवत होता. या वयात काय ते लाड. स्वेटर चढवला आणि मी हबकलेच. खांदे उतरलेले, बाह्या बोटांवर आलेल्या, पोटापाशी नुसता झोळ. माझा स्वेटर, आणि भाड्याने आणल्यासारखा दिसतोय!

बाईसाहेबांनी फेरी मात्र मारली. सावकाश, मान ताठ, हसत.

परीक्षकांत यंदा एक चष्मेवाली होती. तिने काठ उलटून आतली बाजू बघितली. म्हणाली, "इतकं स्वच्छ काम मी बघितलं नव्हतं." मला वाटलं, जिंकलं. मग तिने धाकटीच्या कुशीपाशी चिमूट घेतली तर मूठभर विणकाम हातात आलं. "पण माप पार चुकलंय. जिच्यासाठी विणता तिला आधी बघत नाही का हो?" सगळ्यांसमोर! गाठोडेबाई रुमालाआड हसत होती. पहिली तीच आली, हे लिहायला नकोच.

माझं डोकं फिरलं. तिथेच धाकटीला म्हटलं, "बारीक व्हायचं खूळ लागलं होतं तर एक फोन करायला काय झालं होतं? तुझ्या फिगरपायी माझं बक्षीस गेलं." तिचा नवरा काहीतरी बोलणार होता, तिने त्याचा हात दाबला. मला म्हणाली, "राहिलं गं सांगायचं." राहिलं म्हणे! मला तिसरं मिळालं तेव्हा टाळ्याही वाजवत होती.

वर स्वेटर घालूनच निघाली. "असू दे ना अंगावर, गार वाटतंय." हॉलमध्ये लोक पंखा लावा म्हणत होते आणि हिला गार वाटतंय.

८ डिसेंबर

मी फोन केला नाही. तिनेही केला नाही. बरं झालं.

९ डिसेंबर

धाकटीचा नवरा येऊन गेला. बसलासुद्धा नाही. म्हणाला, "ताई, ती बारीक व्हायला बघत नाही हो. खाल्लेलं पोटात ठरत नाही." जठराचा कॅन्सर आहे. ऑगस्टपासून सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. तिनेच बजावलं होतं — ताईची स्पर्धा होऊ दे, आधी कळलं तर ती सुया खाली ठेवेल. गुरुवारी ऑपरेशन. मी उद्या पहिल्या बसने जातेय. कुठल्या तोंडाने जाऊ कळत नाही. रविवारी ती दवाखान्यातून परवानगी काढून आली होती. तिथल्या व्हरांड्यात आठवडाभर भिंतीला धरून चालायचा सराव करत होती, म्हणाला — ताईची फेरी नीट मारता आली पाहिजे म्हणून.